बडोदा, नारेश्वर, गरुडेश्वर : आईबरोबर चार दिवस

संक्रांत होऊन आठवडा झाला होता तेव्हा आई आणि मी बडोद्याला जाऊन आलो, बुधवारी सकाळी निघालो आणि शनिवारी रात्री परत. आईचं माहेर बडोद्याचं, दांडिया बाजारातलं, मामा अजून तिथेच असतो. आई आता ७९ वर्षांची आहे, गुडघे गेलेत, त्यामुळे कुठे न्यायचं म्हटलं की मीच दहा कारणं काढायचे, पण या वेळी तिने दिवाळीपासून एकच धरलं होतं की नर्मदाकाठच्या दत्तस्थानांना, नारेश्वरला आणि गरुडेश्वरला, एकदा जाऊन यायचंय, मग बाकी काही मागणार नाही. हे "मग काही मागणार नाही" ऐकलं आणि मला कसंतरीच झालं, तिकीट काढून टाकलं.

बुधवार

बोरिवलीहून सकाळची ट्रेन. आईला खिडकी दिली, पायाखाली बॅग ठेवली म्हणजे पाय लोंबकळायला नको, डबा खाऊन झाला आणि मी माळ काढली. माझा रोज अकरा माळांचा नेम आहे, सहा-सात वर्षं झाली, घरी पहाटे करते कारण नंतर आईचं सुरू होतं, चहा, औषधं, गरम पाणी, चष्मा कुठे गेला, फोन लावून दे. खरं सांगायचं तर जपाच्या मधे आईची हाक आली की माझ्या कपाळाला आठी पडते, हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

अंकलेश्वर गेलं तेव्हा माझी पाचवी माळ चालू होती. आईने हात हलवून विचारलं, "अगं नर्मदा आली का बघ, मला सांग हं." तिला एका डोळ्याने नीट दिसत नाही. मी डोळे न उघडता हातानेच थांब अशी खूण केली. मणी संपले, मेरुमणी आला, डोळे उघडले तर पूल मागे गेला होता, भरुच स्टेशनच्या पाट्या दिसायला लागल्या होत्या. "आई, गेली ग नर्मदा," मी म्हटलं. आई म्हणाली, "असू दे, उद्या दिसेलच." बस एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

बडोदा स्टेशनवर मामेभाऊ गाडी घेऊन आला होता. दांडिया बाजारात शिरलो तर तारांवर, झाडांवर उत्तरायणाचे कापलेले पतंग अजून लटकत होते, मांजाचे गुंते कोपऱ्याकोपऱ्यात. मामी दारातच, "या ने ताई, सांभाळून, उंबरा उंच आहे." बडोद्याच्या मराठीतला हा "ने" ऐकला की आईचा चेहराच बदलतो, दहा मिनिटांत तीसुद्धा "बस ने, खा ने" करायला लागली. जेवायला उंधियू आणि बरोबर वरणभात, ही जोडी बडोद्यातच मिळायची.

संध्याकाळी आईला झोप लागली म्हणून मी भावाबरोबर जरा चालायला बाहेर पडले. जवळच अरविंद निवास आहे. श्री अरविंद १८९३ ते १९०६ बडोदा संस्थानात नोकरीला होते हे शाळेत वाचलेलं, पण त्यांना मन शांत करायला शिकवलं ते विष्णु भास्कर लेले नावाच्या आपल्या मराठी माणसाने आणि तेही इथेच बडोद्यात, जानेवारी १९०८ मध्ये, हे मला पूर्वी माहीत नव्हतं. लेल्यांनी सांगितलेली युक्ती एवढीच की बस आणि बघ, विचार तुझ्यात तयार होत नाहीत, ते बाहेरून येतात, आत शिरायच्या आधी त्यांना परत पाठव. तीन दिवसांत अरविंदांचं मन पूर्ण निःशब्द झालं असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. रात्री सगळे झोपल्यावर मी गॅलरीत बसून करून बघितलं. एकच विचार परत परत येत होता आणि तो काही बाहेरून आलेला वाटला नाही, तो पुलाचा होता.

गुरुवार

नारेश्वर. साडेसातला निघालो, मामा पुढे, आई आणि मी मागे, मामीने थेपले आणि छुंदा बांधून दिलेला. करजणपर्यंत हायवे, मग आत वळलं की कपाशी, केळी, तुरीची शेतं आणि समोरून येणारे वाळूचे डंपर. भाऊ हळू चालवत होता तरी प्रत्येक डंपरला आई माझा हात घट्ट धरायची.

मामाने वाटेत दत्तबावनी सुरू केली, "जय योगीश्वर दत्त दयाळ, तुज एक जगमां प्रतिपाळ", आणि आईने लगेच सूर मिळवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दत्तबावनी ही ५२ ओळींची गुजराती प्रार्थना, नारेश्वरचे संत रंग अवधूत महाराजांनी १९३५ साली एका आजारी बाईंसाठी लिहून दिली आणि आता गुजरातेत अक्षरशः घरोघरी म्हणतात. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत संध्याकाळी आधी करुणात्रिपदी, म्हणजे दत्ताची विनवणी, मराठीत आणि मग दत्तबावनी गुजरातीत, कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही. महाराज स्वतः असेच होते. मूळ नाव पांडुरंग विठ्ठल वळामे, घराणं रत्नागिरीकडच्या देवळे गावचं, जन्म गोध्र्याचा, १८९८. वडील प्लेगमध्ये लवकर गेले, आई रुक्मिणीबाईंनी दोन मुलांना वाढवलं. मुंजीनंतर लहानपणीच नरसोबाच्या वाडीला नेलं होतं तेव्हा तिथे वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी होते. सांगतात की स्वामींनी विचारलं, "कोणाचा रे तू?" आणि पोराने उत्तर दिलं, "तुमचाच." गुरू-शिष्यांची समोरासमोर भेट म्हणाल तर एवढीच. १९१४ मध्ये स्वामी गेले तेव्हा महाराज पंधरा वर्षांचे. पुढे शिक्षण, असहकारात कॉलेज सोडणं, अहमदाबादला राष्ट्रीय शाळेत शिकवणं, हे सगळं झालं आणि १९२५ मध्ये ते नारेश्वरला आले आणि इथलेच झाले.

तेव्हा इथे काय होतं, तर आजूबाजूच्या गावांचं स्मशान आणि जंगल, साप, विंचू. कडुनिंबाच्या एका झाडाखाली बसले आणि टेंबे स्वामींनी लिहिलेल्या दत्तपुराणाची १०८ पारायणं केली. मग उद्यापन म्हणून काय, तर नर्मदा परिक्रमा, १०८ दिवसांत. मी अकरा माळा करते आणि कुणी मधे बोललं तर हिशेब चुकतो म्हणून चिडते, हे मला तिथे उभं असताना आठवत होतं.

ते झाड अजून आहे. फांद्या खाली झुकलेल्या आहेत, भक्त सांगतात की महाराजांच्या तपाने झाडाने कडूपणा सोडला आणि फांद्यांनी जमिनीला नमस्कार केला. गुरुवार असल्याने गर्दी बऱ्यापैकी, पण शांत, बायका पारावर बसून दत्तबावनीचे पाठ करत होत्या. एक वाळकं पान वाऱ्याने उडून आईच्या साडीच्या निऱ्यांत अडकलं. तिने ते उचललं, बोटाने सपाट केलं, डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ बघितलं, एका कडेला किडीने खाल्लेलं होतं तिथून नखाएवढं भोक पडलेलं, मग चष्म्याची डबी उघडून पुसायच्या फडक्याखाली अलगद ठेवलं. तोंडात घालून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "कडू आहे की नाही ते बघायला नाही आले मी."

महाराजांना आईने पाहिलंय. अकरा-बारा वर्षांची असेल, आजोबांबरोबर आली होती, गर्दीत काही दिसेना म्हणून आजोबांनी तिला एका कट्ट्यावर उभं केलं. "लंगोटी लावलेला बारीकसा देह, आणि हसत होते, एवढंच आठवतं," असं ती दर वेळी सांगते, दर वेळी त्याच शब्दांत, आणि घरी ते ऐकताना मी मान हलवत दुसरंच काही करत असते. इथे मात्र तिने हात करून दाखवलं, "त्या बाजूला," आणि मी त्या बाजूला खरोखर बघितलं.

समाधीचं दर्शन झालं. महाराजांनी देह ठेवला हरिद्वारला, नोव्हेंबर १९६८ मध्ये, आणि देह इथे आणून अग्नी दिला. तिथेच भिंतीवर त्यांची वचनं आहेत, "श्वासे श्वासे दत्तनाम स्मरात्मन्" आणि "परस्पर देवो भव". पहिलं मी मोबाईलच्या स्क्रीनवरसुद्धा लावलेलं आहे. दुसऱ्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. आपल्याकडे उपनिषदात मातृदेवो भव, पितृदेवो भव असं आहे, म्हणजे मुलाने आईला देव मानायचं. महाराजांनी त्याला परस्पर केलं, तू त्याच्यात देव बघ आणि त्याने तुझ्यात. हे सोपं वाटतं, पण जो माणूस दिवसातून वीस वेळा हाक मारतो त्याच्यात बघायचं म्हणजे काय हे घरात वयस्कर माणूस असलेल्यालाच कळेल.

आणि मग आईंचं स्मृतिस्थान. महाराजांच्या आई, सगळे रुक्मांबा म्हणतात, पुढे नारेश्वरलाच येऊन राहिल्या. मी तिथे किती वेळ बसले माहीत नाही. आतापर्यंत माझ्या डोक्यात असं पक्कं बसलेलं की अध्यात्म म्हणजे घरातलं सगळं आटोपल्यावर, सगळ्यांपासून सुटल्यावर करायची गोष्ट, आणि आईचं करणं ही त्याच्या मधे येणारी अडचण. आणि इथे हा माणूस, स्मशानात बसलेला अवधूत, अंगावर लंगोटी, आणि आई जवळ! त्यांना काही अडलं नाही. सुमारे १९ हजार दोह्यांचं गुरुलीलामृत लिहिलं, तेही अडलं नाही. मग मलाच का अडतं?

नर्मदेवर जायला घाट उतरावा लागतो आणि पायऱ्या खूप. आईने दोन उतरल्या, तिसरीवर थांबली. "नाही जमायचं ग. तू जाऊन ये." मी मामाला तिच्याजवळ बसवलं आणि पाण्याची बाटली रिकामी करून खाली गेले. पाणी थंडगार, जरासं हिरवट, पलीकडच्या काठावर धुकं अजून विरलं नव्हतं. बाटली भरून वर आले तोवर माझाच श्वास फुलला होता. आईने ओंजळ पुढे केली, मी हळूहळू ओतलं. आधी तिने डोळ्यांना लावलं, मग कपाळाला, मग घोटभर प्यायली, आणि उरलेलं पाणी बोटांतून गळून पायरीवर पडत होतं ते तिने वाकून परत हाताने पुसून गुडघ्यांना लावलं, एका गुडघ्याला, मग दुसऱ्याला. "आता अजून," म्हणाली. मी परत गेले. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की नामस्मरण आपोआप चालू आहे, मोजायला हातात काही नव्हतं.

प्रसाद घेऊन दुपारी परतलो. रात्री मामाकडे शेजारचे चार-पाच जण आले, दर गुरुवारी येतात म्हणे, दत्तबावनी झाली, साखरफुटाणे वाटले. लवकर झोपलो.

शुक्रवार

गरुडेश्वर लांब पडतं, डभोईवरून गेलो. डभोईला भावाने मुद्दाम हिरा भागोळ दाखवली, जुन्या किल्ल्याचा दरवाजा, दगडात इतकं कोरीव काम की थांबून बघत राहावं, पण आईला गाडीतून उतरवणं-चढवणं नको म्हणून काचेतूनच बघितलं. पुढे एकता नगरची वाहतूक लागते, सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा तिथून जवळच आहे, बसच्या बस भरून लोक जात होते. आम्ही अलीकडेच वळलो.

नारेश्वर गजबजलेलं होतं, गरुडेश्वर एकदम वेगळं. थोरल्या महाराजांची, म्हणजे टेंबे स्वामींची समाधी, समोर दत्तमंदिर, खाली नर्मदा संथ. इथे आवाजसुद्धा हळू काढावासा वाटतो. दर्शनाला आलेल्यांत निम्मे तरी मराठी बोलणारे, कुणी पुण्याचे, कुणी इंदूरचे, एक आजी-आजोबा सावंतवाडीकडचे, माणगावजवळचे, म्हणजे महाराजांच्याच गावाकडचे. आईची आणि त्या आजींची गुडघ्यांवरून ओळख झाली आणि मग कोणतं तेल लावता इथपर्यंत गप्पा गेल्या.

थोरल्या महाराजांचं चरित्र मी लहानपणी वाचलेलं तेव्हा कडक सोवळं, कडक नियम एवढंच मनात राहिलेलं. जन्म १८५४, माणगाव. गावात दत्तमंदिर बांधलं, सात वर्षं तिथे राहिले, मग आज्ञा झाली आणि पत्नी अन्नपूर्णाबाईंना घेऊन निघाले. १८९१ मध्ये गंगाखेडला अन्नपूर्णाबाई गेल्या. त्यांचे दिवस महाराजांनी केले आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला. वैराग्य आधीपासून होतं, हे सगळे मानतात, पण बाईंना अर्ध्या वाटेत सोडून ते कुठे गेले नाहीत, शेवटपर्यंत बरोबर चालले, हे मला या वेळी नव्याने दिसलं. तिथून पुढे २३ चातुर्मास, पहिला उज्जैनला, शेवटचा १९१३ साली इथे गरुडेश्वरला, मधे हिमालयापासून तंजावरपर्यंत सगळा देश पायी, वाहनात बसले नाहीत. आणि हे सगळं संग्रहणीच्या दुखण्यासकट. अंग बरं नाही म्हणून स्नानसंध्या चुकली असं नाही. चालता चालता लिहिलं किती, दत्तपुराण, द्विसाहस्री, सप्तशती गुरुचरित्र, किती स्तोत्रं. आपण आज "दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा" म्हणतो तेही त्यांच्यामुळेच घरोघरी पोचलं.

मंडपात बसले असताना हे दोन दिवस एकत्र झाले डोक्यात. गुरू आयुष्यभर चालत राहिले, कुठेही घर केलं नाही. शिष्य एका झाडाखाली बसला तो ४३ वर्षं तिथलाच राहिला. बाहेरून बघितलं तर अगदी उलटी माणसं, आणि नदी एकच. मामाला म्हटलं तर तो म्हणाला, "अगं दोघांनीही स्वतःच्या मनाने काही ठरवलं नाही ना. त्यांना चाल म्हटलं, ते चालले. यांना बस म्हटलं, हे बसले." मामा बँकेत होता, फार काही पोथ्या वाचणारा नाही, पण हे तो इतकं सहज बोलला की मी वहीत लिहून घेतलं. मला काय सांगितलेलं आहे ते मला माहीत होतं, समोरच खुर्चीवर बसलं होतं, शाल नीट ओढून द्यायची राहिली होती.

आम्ही करुणात्रिपदी म्हटली, "शांत हो श्रीगुरुदत्ता, मम चित्ता शमवी आता". रोज म्हणते मी, पाठ आहे, पण पहिल्याच ओळीत देवालाच शांत हो म्हणतोय आणि पुढच्याच शब्दांत माझं चित्त शांत कर म्हणतोय हे कधी थांबून बघितलं नव्हतं. चुका आपल्या, कोपू नकोस म्हणून विनवणी आपली. आई डोळे मिटून म्हणत होती. माझा आवाज दुसऱ्या पदाला फुटला आणि मी गप्प बसले, तिने माझ्याकडे न बघता हात माझ्या हातावर ठेवला आणि एकटीने पूर्ण केली.

महाराजांनी इथे आषाढ शुद्ध प्रतिपदेला, जून १९१४ मध्ये, देह ठेवला. पुण्यतिथीला मोठी गर्दी असते म्हणे. आईला पुढच्या आषाढात न्यायचं का, भाऊ विचारत होता. ती म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, आता काही मागणार नाही." मी म्हटलं, "मी मागतेय."

परत येताना अंधार झाला, डभोईच्या बाजारात गरम दूध प्यायलो, आई गाडीत झोपली.

शनिवार

सकाळ खरेदीची. रावपुऱ्यात दुलीरामचे पेढे, लीलो चिवडो, मामीने तिच्याकडचं लोणचं दिलं ते वेगळंच, पिशव्या चार झाल्या. सूरसागराला गाडीतून एक फेरी मारली, न्यायमंदिर बघून आई म्हणाली, रंग बदलला का ग, मामा म्हणाला, नाही ताई, तुझा मोतीबिंदू वाढलाय. निघताना मामीने ओटी भरली. आई आणि मामा दोघंही दारात काही बोलले नाहीत, तो फक्त उंबऱ्यावर तिचा हात धरून उभा होता.

दुपारची ट्रेन. गर्दी फार नव्हती. आईने चष्मा काढून डबीत ठेवला, ठेवताना ते पान बाजूला केलं आणि परत फडक्याखाली सरकवलं, आणि तिला डुलकी लागली. मी माळ काढली. भरुच स्टेशन आलं, गाडी थोडी थांबली, सुटली. माझी चौथी माळ, साधारण साठ मणी झाले असतील. मी माळ तशीच मुठीत धरली आणि आईच्या खांद्याला हात लावला. "आई, उठ. नर्मदा आली."

ती दचकून उठली, चष्मा सापडेना, मी डबी उघडून दिला, खिडकीची काच पुसली. ऊन कलतं झालं होतं, पाणी पार रुंद पसरलेलं, बाजूला १८८१ चा जुना गोल्डन ब्रिज, कमानीमागून कमान, आणि दोन दिवसांपूर्वी जे पाणी मी बाटलीतून पायऱ्यांवर आणत होते तेच इथे समुद्राकडे चाललेलं. आईने हात जोडले. पदराची गाठ सोडून एक रुपया काढला, पण खिडकी एसीची, उघडत नाही, मग तिने तो माझ्या हातात दिला, तुझ्याकडे ठेव, आषाढात टाकू म्हणाली. पूल संपेपर्यंत ती काचेला कपाळ टेकून बसली होती.

मग मागे टेकली आणि माझ्या मुठीकडे बघितलं. "किती झाल्या?"

"चौथी चालू होती, सोडली मधेच."

"मग परत पहिल्यापासून कर ती," आई म्हणाली, "सुरत यायचंय अजून." आणि शाल अंगावर ओढून घेतली.